आकाशगंगेचा त्रिमितीय नकाशा: सगळा घोळ तिसऱ्या मापाचा

प्रश्न थोडक्यात असा: गाया दुर्बिणीचा डेटा फुकट मिळतो. त्यातले काही लाख तारे उतरवून घेतले, पराशयाचा (पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारा जेवढा सरकलेला दिसतो त्या कोनाचा) व्यस्त काढून अंतर मिळवलं आणि बिंदू त्रिमितीत मांडले. आकाशगंगेच्या सर्पिल भुजा दिसतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सूर्यावर रोखलेल्या लांबच लांब रेघा दिसतात, आणि काही ताऱ्यांचं अंतर चक्क उणे येतं. चुकलं कुठे? आणि तेजोमेघ, गुच्छ, कृष्णविवरं हे सगळं याच नकाशात कसं बसवायचं?

कोडमध्ये बहुधा काहीच चुकलेलं नाही. त्या रेघा आणि ती उणे अंतरं म्हणजे डेटा तुम्हाला स्वतःबद्दल काहीतरी सांगतोय. ते ऐकून न घेता रेघा पुसून टाकल्या तर नकाशा देखणा होईल, पण खोटा होईल.

आकाशात वस्तू कोणत्या दिशेला आहे हे आपल्याला कमालीच्या अचूकतेने कळतं. विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश आणि अक्षांश) ही दोन मापं विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा 3,600वा भाग) हजाराव्या भागापर्यंत, कधी त्याहूनही बारीक मिळतात. तिसरं माप म्हणजे अंतर. ते कधी एक टक्क्यापर्यंत अचूक असतं, तर कधी दुपटीने चुकलेलं असतं. दोन मापं पक्की आणि तिसरं डळमळीत असलं की ताऱ्याची संभाव्य जागा गोळ्यासारखी उरत नाही, ती दृष्टिरेषेवर ताणलेल्या सुईसारखी होते. सगळ्या सुया निरीक्षकाकडे, म्हणजे आपल्याकडे रोखलेल्या असतात. तुमच्या रेघा त्याच आहेत.

नुसत्या डोळ्यांना ही तिसरी मिती मुळीच कळत नाही. नरतुरंगातले मित्र आणि मित्रक दक्षिणेच्या आकाशात शेजारी शेजारी चमकतात, मित्र 4.37 प्रकाशवर्षांवर आहे, मित्रक चारशेच्या आसपास. वृषभेच्या तोंडाशी असलेल्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आकृतीत रोहिणी सगळ्यात ठळक दिसते, पण ती त्या गुच्छातली नाहीच. गुच्छ 150 प्रकाशवर्षांवर आहे, रोहिणी साधारण 65 वर, वाटेत मध्येच उभी. उलट सप्तर्षींमधले मधले पाच, पुलह ते वसिष्ठ, खरोखरच एका कुटुंबातले आहेत. ते सुमारे 80 प्रकाशवर्षांवर एकाच दिशेने चाललेत. टोकाचे क्रतू आणि मरीची मात्र त्यांच्या मागे, आणि त्यांची चाल निराळी.

अंतराचा पाया म्हणजे पराशय. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा दूरच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात किंचित मागेपुढे सरकलेला दिसतो. हा कोन एक विकला असेल तर अंतर एक पार्सेक, म्हणजे 3.26 प्रकाशवर्षं. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा, त्याचाही पराशय 0.77 विकलाच आहे. बेसेलने 1838 साली हंस तारकासमूहातल्या 61 क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला, तेव्हा तो विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा निघाला. 1989 साली सोडलेल्या हिप्पार्कोस उपग्रहाने 1 लाख 18 हजार ताऱ्यांचे पराशय सुमारे एक मिलिविकला (विकलेचा हजारावा भाग) अचूकतेने दिले. युरोपीय अवकाश संस्थेचं गाया यान 19 डिसेंबर 2013 रोजी कुरू इथून उडालं, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर राहून जानेवारी 2025 पर्यंत निरीक्षणं करत राहिलं. 2022 मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या यादीत 180 कोटींहून अधिक वस्तू आहेत, आणि त्यातल्या 146 कोटींना पराशय आहे. ठळक ताऱ्यांसाठी त्रुटी 0.02 ते 0.03 मिलिविकला. सतराव्या प्रतीला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ती 0.07 होते, विसाव्या प्रतीला 0.5.

ही त्रुटी अंतरात कशी उतरते ते एका उदाहरणावर पाहा. समजा पराशय 0.2 मिलिविकला आहे आणि त्रुटी 0.1. सरळ व्यस्त काढला तर अंतर 5,000 पार्सेक. त्रुटी एका बाजूला गेली तर पराशय 0.3, म्हणजे 3,300 पार्सेक. दुसऱ्या बाजूला गेली तर 0.1, म्हणजे 10,000 पार्सेक. पराशयातली चूक दोन्हीकडे सारखी होती, अंतरात ती एका बाजूला 1,700 आणि दुसऱ्या बाजूला 5,000 झाली. आता त्रुटी आणखी थोडी वाढवा, पराशय शून्याखाली जाईल. उणे पराशय ही चुकीची नोंद नाही. तारा इतका दूर आहे की खरा कोन शून्याच्या जवळपास आहे, आणि मोजमापातल्या गोंगाटाने त्याला शून्याच्या पलीकडे ढकललं, एवढाच त्याचा अर्थ. असे तारे काढून टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण मग दूरच्या ताऱ्यांपैकी ज्यांची त्रुटी चुकून अधिक बाजूला गेली तेवढेच नकाशात उरतात, आणि दूरचा सगळा प्रदेश आपल्याकडे ओढला जातो.

मग करायचं काय? पराशयाची किंमत त्याच्या त्रुटीच्या निदान दहापट असलेले तारेच घ्यायचे, आणि जोडताऱ्यांमुळे बिघडलेली मोजमापं वगळायला गायाच्या यादीतला आर-यू-डब्ल्यू-ई हा आकडा 1.4 च्या खाली ठेवायचा, ही झाली सोपी वाट. सूर्याभोवतीच्या काही हजार प्रकाशवर्षांसाठी ती उत्तम आहे. फक्त ती वापरली हे नकाशाच्या खाली लिहा, कारण या गाळणीने ठळक आणि जवळचे तारेच उरतात. दुसरी वाट संभाव्यतेची. आकाशगंगेत तारे साधारण कसे पसरलेत याचा पूर्वअंदाज आणि मोजलेला पराशय एकत्र करून प्रत्येक ताऱ्यासाठी अंतराची एक पट्टी काढायची. हे काम बेलर-जोन्स आणि सहकाऱ्यांनी 146 कोटी ताऱ्यांसाठी 2021 मध्ये करून ठेवलंय आणि ती यादी गायाच्या संग्रहातच मिळते. एक ध्यानात ठेवा, पराशय कमजोर असेल तिथे त्या यादीतलं अंतर मुख्यतः पूर्वअंदाजातून आलेलं असतं. मग तुमच्या नकाशात तुम्ही मॉडेलच पुन्हा काढत असता आणि आकाशगंगा सापडली असं समजत असता.

गायाच्या पराशयांत एक पद्धतशीर खोटही आहे. क्वासार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं, इतके दूर की त्यांचा पराशय शून्य असायला हवा, पण गायाच्या ताज्या यादीत त्यांची सरासरी 0.017 मिलिविकलांनी उणे येते. ही दुरुस्ती ताऱ्याच्या तेजावर, रंगावर आणि आकाशातल्या जागेवर अवलंबून बदलते, आणि तिचं सूत्र गायाच्या चमूने दिलेलं आहे. शंभर पार्सेकवर तिने काही बिघडत नाही. पाच हजार पार्सेकवर 0.2 ऐवजी 0.217 धरलं की तारा जवळजवळ चारशे पार्सेक अलीकडे येतो.

पद्धतशीर चुका किती चिवट असतात याचा धडा कृत्तिकांनी दिला. हिप्पार्कोसने कृत्तिकांचं अंतर 120 पार्सेकच्या आसपास सांगितलं. ताऱ्यांच्या रंग-तेजावरून मात्र ते 130 च्या वर येत होतं. उपग्रहाचं माप खरं धरावं तर ताऱ्यांच्या उत्क्रांतीचं आपलं गणितच दुरुस्त करावं लागणार होतं. वाद वर्षानुवर्षं चालला. 2014 मध्ये दूरदूर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून घेतलेलं माप 136 पार्सेक आलं, आणि गायानेही तेच ठरवलं. म्हणजे 444 प्रकाशवर्षं. हिप्पार्कोसच्या बाकी यादीला यामुळे कमी लेखायचं कारण नाही. उलट व्याध, अगस्त्य यांसारख्या सर्वांत ठळक ताऱ्यांसाठी तुम्हाला तिच्याकडेच जावं लागेल, कारण ते गायाच्या कॅमेऱ्याला झेपत नाहीत. नुसत्या डोळ्यांनी दिसणारं आकाश हवं असेल तर हिप्पार्कोस, येलची ठळक ताऱ्यांची आणि ग्लीझची जवळच्या ताऱ्यांची अशा तीन याद्या जोडून केलेली एचवायजी ही सुमारे 1 लाख 20 हजार ताऱ्यांची यादी घ्या, तिच्यात त्रिमितीय स्थानं आधीच काढून ठेवलेली आहेत. दोन याद्या जोडताना कालबिंदू, म्हणजे स्थानं कोणत्या वर्षाची आहेत ते, सांभाळा. हिप्पार्कोसची स्थानं 1991.25 ची आहेत, गायाच्या तिसऱ्या यादीची 2016.0 ची. बार्नार्डचा तारा वर्षाला दहा विकलांहून जास्त सरकतो. निजगती (ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं) न लावता याद्या जुळवल्या तर तो दोनदा येईल.

रेघांवरचा खरा उपाय गुच्छांच्या बाबतीत सोपा आहे. 2,000 पार्सेकवरचा एखादा खुला तारकागुच्छ घ्या. त्याची खरी रुंदी दहा-वीस पार्सेक, पण सतराव्या प्रतीच्या एकेका ताऱ्याच्या अंतरात 14 टक्के, म्हणजे 280 पार्सेकची अनिश्चितता. गुच्छाची साडेपाचशे पार्सेक लांबीची सुई तयार होते. इथे प्रत्येक तारा वेगळा मोजायचाच नाही. सगळे एकाच ठिकाणी जन्मले आणि एकत्र चालले आहेत हे निजगतीवरून ठरवायचं, त्यांच्या पराशयांची सरासरी घ्यायची, आणि सगळा गुच्छ त्या अंतरावर नेऊन ठेवायचा. चारशे सभासद असतील तर यादृच्छिक त्रुटी विसाव्या हिश्श्यावर येते. उरते ती वर सांगितलेली पद्धतशीर खोट. गायाच्या डेटातून अशा सात हजारांहून अधिक गुच्छांच्या याद्या झाल्या आहेत. तुम्हाला हातात धरता येईल असा पहिला नकाशा हवा असेल तर कोट्यवधी ताऱ्यांच्या मागे लागू नका, त्यातले तरुण गुच्छ तेवढे मांडा. सूर्याजवळच्या भुजांचे तुकडे त्यात कुठल्याही लाख ताऱ्यांपेक्षा स्पष्ट दिसतात, कारण तरुण गुच्छ जन्मस्थानापासून अजून फार लांब गेलेले नसतात.

आता दुसरा सापळा. गायातले सगळे तारे मांडलेत तर सूर्याभोवती दाट गोळा दिसेल आणि बाहेर विरळ होत जाईल. जणू आपणच केंद्रात. विल्यम हर्शेलने 1785 साली आकाशाच्या निरनिराळ्या भागांतले तारे मोजून पहिला नकाशा काढला, तेव्हा त्यालाही सूर्य मध्याजवळच मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काप्टाइनलाही जवळजवळ तेच. दोघांनाही आंतरतारकीय धूळ आडवी आली होती. शॅप्लीने 1918 मध्ये बंदिस्त गुच्छांकडे, म्हणजे ताऱ्यांच्या दाट गोलाकार गुच्छांकडे, पाहिलं. ते आकाशगंगेच्या पट्ट्याच्या वर-खाली असल्यामुळे धुळीतून वाचतात, आणि त्यांची गर्दी धनू राशीच्या दिशेला आहे. केंद्र तिकडे आहे हे कळलं. धूळ खरोखर आहे आणि ती दूरचे तारे मंद करते हे ट्रम्प्लरने 1930 मध्ये खुल्या गुच्छांवरून दाखवलं. तुमच्या पडद्यावर दिसणारा गोळा हा हर्शेलचाच नकाशा आहे, फक्त बिंदू जास्त. ताऱ्यांची घनता दाखवायची असेल तर कुठल्या अंतरावर कुठले तारे दिसूच शकत नाहीत याचा हिशेब आधी करावा लागतो. तो नसेल तर रंगाची दाट-फिकट छटा देऊ नका, नुसते बिंदू ठेवा.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक प्रकाशवर्ष म्हणजे एक मिलिमीटर धरा. आकाशगंगेची तबकडी साधारण शंभर मीटर, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाएवढी. मित्र तारा साडेचार मिलिमीटरवर. कृत्तिका हातभर अंतरावर. गायाचे पराशय ठळक ताऱ्यांसाठी दहा मीटरपर्यंत भरवशाचे. आकाशगंगेचं केंद्र पावणेसत्तावीस मीटरवर, आणि तिकडे दृश्य प्रकाशात काहीच दिसत नाही. मध्ये सुमारे तीस प्रतींची धूळ आहे, म्हणजे लक्षावधी कोटी फोटॉनमधला एखादाच आपल्यापर्यंत पोचतो.

म्हणून त्या पलीकडे माप बदलावं लागतं, आणि प्रत्येक जातीच्या वस्तूला वेगळं माप लागतं. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

सेफीड हे रूपविकारी (तेज नियमित कमी-जास्त होणारे) तारे जितक्या सावकाश लुकलुकतात तितके ते मुळात तेजस्वी असतात, हे हेन्रिएटा लेव्हिटने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं. मुळातलं तेज कळलं, दिसणारं तेज मोजलं, धुळीची वजावट केली की अंतर मिळालं. चिलीतून चालणाऱ्या ओगल सर्वेक्षणाच्या चमूने 2019 मध्ये 2,400 हून अधिक सेफीड त्रिमितीत मांडले आणि तबकडी सपाट नाही, कडेला एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली वळलेली आहे, हे बिंदूंतच दिसलं. हा डेटा लहान आहे, दुपारभरात मांडून होतो.

मेघांचं तसं नाही. तेजोमेघाला पराशय नसतो, कारण त्याला नेमकं टोकच नसतं. तिथे उलटा विचार करतात. मेघाच्या दिशेने दिसणाऱ्या हजारो ताऱ्यांची अंतरं गायाकडून घ्यायची आणि त्यांची लाली (धुळीमुळे प्रकाशाला येणारा तांबूसपणा) मोजायची. मेघाच्या अलीकडचे तारे स्वच्छ, पलीकडचे तांबूस. लाली जिथे एकदम उडी घेते, तिथे मेघ. याच पद्धतीने मृगातल्या मोठ्या मेघाचं अंतर काढलं तेव्हा तो आपल्यासमोर आडवा नसून मागे लांबवर गेलेला निघाला. आकाशात चाळीस पार्सेक वाटणारा, प्रत्यक्षात नव्वद.

याच मापाने सर्वांत मोठी उलथापालथ 2020 मध्ये झाली. बेंजामिन गूल्डने 1879 मध्ये सूर्याभोवती तरुण ताऱ्यांचं एक तिरपं कडं असल्याचं सांगितलं होतं आणि ते गूल्डचा पट्टा म्हणून पाठ्यपुस्तकांत बसलं. मेघांची अंतरं नीट मिळाल्यावर मृग, वृषभ, ययाती आणि हंस या दिशांचे मेघ एका ओळीत आले. 9,000 प्रकाशवर्षं लांबीची, तबकडीच्या पातळीच्या वर-खाली सुमारे 500 प्रकाशवर्षं झोकांड्या खाणारी ही लाट. तिला रॅडक्लिफ लाट म्हणतात. कडं हे प्रक्षेपणातून झालेला भास होता. दोन वर्षांनी हेही समोर आलं की सूर्याजवळचे जवळजवळ सगळे ताराजन्माचे मेघ एका पोकळीच्या भिंतीवर बसलेत. ही पोकळी सुमारे हजार प्रकाशवर्षं रुंद आहे, 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी सुरू झालेल्या अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी ती फुगवली, आणि सूर्य आज तिच्या मधोमध आहे.

धुळीपलीकडची तबकडी रेडिओने पाहतात. उदासीन हायड्रोजन 21 सेंटिमीटर तरंगलांबीवर बोलतो, आणि आपल्याकडे जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ती तरंगलांबी ऐकते. वायूचा आपल्या दिशेतला वेग मोजायचा, आकाशगंगा कशी फिरते याच्या मॉडेलमध्ये तो वेग कुठे बसतो ते पाहायचं आणि अंतर काढायचं. ऊर्ट आणि सहकाऱ्यांनी 1958 साली असाच नकाशा केला. त्याची खोड अशी की सूर्याच्या कक्षेच्या आत एकाच वेगाला दोन अंतरं जुळतात, एक जवळचं, एक लांबचं. थेट केंद्राच्या आणि त्याच्या विरुद्ध दिशेला तर काहीच कळत नाही, कारण तिथे सगळाच वायू आडवा जातो. पार्श्वभूमीला रेडिओ स्रोत असेल तर मधल्या हायड्रोजनच्या शोषणावरून कधी कधी जवळचं की लांबचं ते ठरवता येतं. वेगावरून काढलेली अंतरं नकाशात घ्यायची तर फिकट रंगात घ्या.

भुजांचा खरा सांगाडा मेसरने दिला. तरुण महाकाय ताऱ्यांभोवती पाणी आणि मिथेनॉलचे रेणू रेडिओ लेसरसारखे झळकतात, आणि धूळ त्यांना अडवू शकत नाही. हवाईपासून कॅरिबियनपर्यंत पसरलेल्या व्हीएलबीए दुर्बिणींनी आणि जपानच्या व्हेरा दुर्बिणींनी त्यांचे पराशय गायाच्या तोडीने मोजलेत. 2019 पर्यंत असे सुमारे दोनशे स्रोत झाले. त्यातला एक केंद्राच्या पलीकडे, 66,000 प्रकाशवर्षांवर. दोनशे बिंदू ऐकायला किरकोळ वाटतात, पण भुजा कुठे आहेत हे आपण आज छातीठोकपणे सांगतो ते मुख्यतः त्यांच्या जोरावर. दक्षिणेकडून दिसणाऱ्या चौथ्या चतुर्थांशात बिंदू फार कमी आहेत, कारण ही जाळी उत्तर गोलार्धात आहेत. तुमच्या नकाशातही तो भाग मोकळा दिसेल. दिसू द्या.

केंद्रातल्या महाकृष्णविवराचं अंतर सगळ्यात पक्कं. त्याभोवती सोळा वर्षांत एक फेरी मारणाऱ्या एस-2 ताऱ्याच्या कक्षेवरून ते 26,700 प्रकाशवर्षं निघालं. ताऱ्यांच्या वजनाच्या कृष्णविवरांपैकी गायानेच शोधलेली मांडा. गरुड तारकासमूहातलं बीएच-3 सुमारे 1,900 प्रकाशवर्षांवर आहे, सूर्याच्या 33 पट वस्तुमानाचं, आणि त्याच्या सोबतीच्या ताऱ्यामुळे त्याला चांगला पराशय आहे. पल्सारांची (नियमित रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांची) बहुतेक अंतरं मधल्या इलेक्ट्रॉनांमुळे स्पंदांना होणाऱ्या उशिरावरून काढतात आणि ती इलेक्ट्रॉनांच्या मॉडेलइतकीच खरी. ग्रहसदृश तेजोमेघांची (मरणाऱ्या ताऱ्यांनी फेकलेल्या वायूच्या कवचांची) जुनी अंतरं दुपटीनेही चुकलेली सापडतील. मध्यताऱ्याला गायाचा पराशय असेल तरच ते घ्या.

मांडणीबद्दल दोन गोष्टी. मूळबिंदू सूर्यावर, पहिला अक्ष केंद्राकडे, दुसरा सूर्याच्या प्रदक्षिणेच्या दिशेने म्हणजे हंस तारकासमूहाकडे, तिसरा आकाशगंगेच्या उत्तर ध्रुवाकडे ठेवा. अनेक ग्राफिक्स इंजिनांत उभा अक्ष वेगळा असतो आणि अदलाबदलीत नकाशा आरशातला होतो. उत्तरेकडून पाहताना आकाशगंगा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरली पाहिजे, एवढी खूण तपासा. आणि स्थानं 32 बिटांत साठवू नका. केंद्राच्या अंतरावर त्यांची बारीकी सुमारे 200 खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) उरते, म्हणजे मूळबिंदू केंद्रावर नेलात तर सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत सगळे एकाच बिंदूत कोंबले जातात.

वरून दिसणारी आकाशगंगा म्हणून जे चित्र सगळीकडे असतं, दोन ठळक भुजा आणि मधला पिवळा दांडा असलेलं, ते रॉबर्ट हर्ट यांनी स्पिट्झर दुर्बिणीच्या निष्कर्षांच्या आधारे रंगवलेलं आहे. ते फार सुंदर आहे आणि बरंचसं विचारपूर्वक केलेलं आहे, पण केंद्रापलीकडचा त्याचा भाग प्रामुख्याने अंदाज आहे. तुमच्या बिंदूंखाली ते पसरलंत तर डोळा बिंदू सोडून चित्रच बघतो. मी ते वेगळ्या थरावर ठेवते आणि सुरुवातीला बंद ठेवते. त्याऐवजी प्रत्येक वस्तूबरोबर अंतर कोणत्या पद्धतीने आलं आणि त्याची खालची-वरची मर्यादा काय, हे दोन स्तंभ साठवा आणि बिंदूवर बोट ठेवल्यावर सुई दिसेल अशी सोय करा.

सुरुवात टॉपकॅट या तारकायाद्या हाताळायच्या मोफत साधनाने करा. 200 पार्सेकच्या आतले तारे, मग खुले गुच्छ, मग सेफीड, मग मेसर, या क्रमाने. गायाची चौथी यादी साडेपाच वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेली असेल आणि ती डिसेंबर 2026 मध्ये येणं अपेक्षित आहे. तिच्यात पराशय सुधारतील आणि प्रत्येक ताऱ्याची वेळोवेळची निरीक्षणंही मिळतील. त्यामुळे अंतर काढायचा कोड आणि चित्र काढायचा कोड आत्ताच वेगळे ठेवा.